अस्वलाच्या पोटातला वास

आमच्या घरात अस्वल आलं ते रेडिओच्या बदल्यात. सुट्टीच्या दिवशी सकाळी नाना, म्हणजे माझे वडील, रेडिओ दुरुस्त करून आणतो असं सांगून तो पिशवीत घालून घेऊन गेले, आणि दुपारी त्याच पिशवीतून त्यांनी एक लाकडी अस्वल बाहेर काढलं. वीतभर उंच, झाडाच्या बुंध्याला टेकून उभं राहिलेलं, काचेच्या पिवळ्या डोळ्यांचं, अंगावरचा केस न् केस कोरलेलं. मानेत पितळी बिजागरी होती. डोकं मागे उचललं की आत पोकळ पोट. कुणा साहेबाची तंबाखू ठेवायची बरणी होती ती. मायच्या हातात भाकरीचं पीठ होतं, ते तसंच घेऊन ती उठली, अस्वलाभोवती एकदा फिरली आणि म्हणाली, "रेडू गया अन् अस्वल उनं घरमा. आते ह्याले गानं म्हनाले लाव!" नाना हसले नाहीत. त्यांनी अस्वल फळीवर ठेवलं, डोकं उचललं, पोटात नाक खुपसून एक लांब श्वास घेतला आणि डोकं खाली सोडलं. टक. हा आवाज पुढे दीड वर्षं आमच्या घराचं घड्याळ होता.

सुरतेच्या पांडेसऱ्यात आमची एकच खोली होती, पुढे ओटा, मागे मोरी. माझ्या दोन्ही मोठ्या बहिणी लग्न होऊन खानदेशात गेलेल्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. शांतता म्हणून जी काही असते ती मी तोवर ऐकलीच नव्हती. बमरोलीच्या बाजूने लूमची खटाखट दिवसभर यायची, मिलचा बॉयलर वाफ सोडायचा तेव्हा फळीवरच्या ताटल्या थरथरायच्या, आणि गल्लीत कुणी साधं "जेवले का?" विचारायचं तरी ओरडून विचारायचं. नाना डाइंग मिलमध्ये जिगर मशीनवर होते. कापड रंगाच्या पाण्यातून या रुळावरून त्या रुळावर फिरवत राहायचं, पुन्हा उलट फिरवायचं, हे काम. संध्याकाळी ते भाकरी कुस्करायला लागले की त्यांची बोटं पाहून मी आज कुठला रंग चालला होता ते ओळखायची. फिरोजी रंगाच्या दिवशी बाजरीच्या भाकरीलाही निळसर बोट लागायचं, आणि माय ती भाकरी मुकाट्याने स्वतःच्या ताटात घ्यायची.

जिगरवर नानांच्या जोडीला लोटनकाका होते. दोघं एकाच गावचे, एकाच वर्षी सुरतेला आलेले, आणि दोघांत तंबाखूची चंची एकच. एक दिवस ती नानांच्या खिशात, एक दिवस काकांच्या. ज्याच्याकडे चंची, त्याने तंबाखू मळायची, चुना लावायचा, दोन थापा मारायच्या आणि हात आधी दुसऱ्यापुढे करायचा. दुसऱ्याने चिमूटभर उचलल्याशिवाय मळणाऱ्याने तोंडात टाकायची नाही. हा काही आमच्या घरचा शोध नव्हता, आमच्याकडच्या सगळ्याच बापयांची ही रीत. एकट्यापुरती तंबाखू मळणं म्हणजे पाहुण्याला दारात उभं ठेवून आपण जेवण्यासारखं. लोटनकाकांच्या गालात आधी पांढरा चट्टा आला, मग गाठ. मोठ्या दवाखान्यात त्यांचा अर्धा जबडा काढला. आमच्या ओट्यावर बसून वाटीतली पेज पिताना ती गळ्यावरून ओघळायची, आणि नाना आपल्या खांद्यावरच्या टॉवेलाने ती पुसायचे. काका गेले त्या दिवशी नानांनी चंची चितेवर टाकली. घरी येऊन आंघोळ केली आणि मायला सांगितलं, आजपासून बंद. डॉक्टरांनी नानांच्याही गालात बॅटरी मारून पाहिलं होतं आणि म्हणाले होते, आता सुटली तर वाचाल. हे वाक्य मायने मला सांगितलं, पण मी ऐकलंय हे नानांना कळू द्यायचं नाही असं बजावलं.

तंबाखू सुटली, पण नानांचे हात मोकळे पडले. वीस वर्षं जे हात दर तासाला काहीतरी मळत होते त्यांना काम उरलं नाही. जेवण झालं की ते ताटावर बोटं वाजवायचे, ट्रंकेची कडी उघडायचे, लावायचे, पुन्हा उघडायचे. दहा बाय दहाच्या खोलीत माणूस किती चालणार? चार पावलं गेलं की भिंत. ते चार पावलं जायचे, वळायचे, परत चार पावलं. माय म्हणायची, "बसा ना हो घडीभर," तर ते बसायचे आणि त्यांचा गुडघा हलायला लागायचा. घरात कुणाचंच अन्न अंगी लागेना. ते ओट्यावरून उतरले की मायचा जीव टांगणीला, कारण कोपऱ्यावरच पानाचा गल्ला, म्हणजे टपरी, होती. परत आल्यावर ती काहीतरी निमित्त काढून त्यांच्या अगदी जवळून जायची आणि वास घ्यायची. नानांना ते कळायचं. एकदा ते स्वतःच तोंड उघडून तिच्यापुढे उभे राहिले.

अशाच एका येरझाऱ्यांच्या दिवशी ते तापीकाठच्या जुन्या बाजारात पोहोचले. गावातली जुनी घरं पाडली की त्यातलं सामान तिथे येऊन पडायचं: कोरीव चौकटी, पितळी नळ, फुटकी झुंबरं. तिथे इब्राहिमचाचा नावाचे एक म्हातारे व्यापारी पोत्यावर मांडून बसायचे. नाना अस्वलापाशी थबकले तेव्हा चाचांनी त्याचं डोकं उचलून पोट त्यांच्यापुढे धरलं. "सूंघी जुओ, भाई," ते म्हणाले. "तमाकु क्यारनी खलास, पण वास नथी गयो." तंबाखू कधीच संपली, वास मात्र अजून गेला नाही. नानांनी हुंगलं. हे त्यांनी मला खूप वर्षांनी सांगितलं, की त्या क्षणी त्यांचा हलणारा गुडघा थांबला. तोंडात काही न टाकता पहिल्यांदा जिवाला बरं वाटलं. पिशवीत रेडिओ होताच.

मग नानांना त्याचा नादच लागला. सुट्टी आली की जुना बाजार. चाचाही त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायला लागले. एक घुबड आलं, एक टोपीवाला कुत्रा, एक रानडुक्कर, आणि आपल्याकडच्याच कुणा सुताराने घडवलेलं एक कासव, ज्याची पाठ सरकवून उघडायची. बदल्यात घरातून काय काय गेलं ते मायला पाठ होतं: रेडिओनंतर घड्याळ, मग नानांची लग्नातली छत्री. सहा महिन्यांत फळीवर पाच प्राणी झाले. प्रत्येकाचा वास निराळा. घुबडाला गुलकंदासारखा, कुत्र्याला जुन्या गुळासारखा, डुकराला धुराचा. पण अस्वल ते अस्वल. शिफ्टला निघताना एकदा, आल्यावर एकदा, जेवल्यावर दोनदा, आणि अधूनमधून किती ते विचारू नये. टक. टक. आज माझ्याकडे असल्या चौदा बरण्या आहेत. मुलगा मला मोबाइलवर परदेशातले लिलाव दाखवतो आणि माझी चेष्टा करतो, की आई, तू आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाहीस आणि हा कसला शौक. मी त्याला सांगते, हा शौक नाही, हे औषध होतं. तो हसतो. त्याचा गुडघा मात्र बसल्या जागी हलत असतो, ते त्याच्या लक्षात येत नाही.

मी तेव्हा बारावीला होते, आणि माझ्याही पायाला भिंगरी होती. मला या गल्लीतून, या खटाखटीतून, मिलच्या वासातून बाहेर पडायचं होतं. धुळ्याच्या अध्यापक विद्यालयाचा अर्ज मी भरला होता आणि पोस्टमनच्या सायकलीकडे डोळे लावून बसले होते. पुस्तक घेऊन बसावं तर डोक्यावर फळी आणि फळीवर ते प्राणी. एक ओळ वाचली की टक. दुसरी वाचली की टक. मी मनातल्या मनात ते मोजायला लागले आणि मग मोजल्याशिवाय राहवेना. एका संध्याकाळी एकतीस झाले. मला नानांचा राग यायचा, आणि राग येतो म्हणून स्वतःचाही. पत्र श्रावणात आलं. नाव लागलं होतं. आमच्या खानदेशी देवीचा, कानबाईचा सण आटोपला की आठवड्याने निघायचं ठरलं.

आमच्या भावकीत नाना थोरले, म्हणून कानबाई आमच्या खोलीत बसायची. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती येणार, म्हणजे आधीच्या आठवड्यात घराचं हाड न् हाड धुवायचं. भिंतींना चुना, गोधड्या उकळत्या पाण्यात, डबे घासून उन्हात. खानदेशातून आलेल्या प्रत्येक घरात हे असंच, पण पांडेसऱ्यात आमच्याजवळ जास्तीचं एक शस्त्र होतं. मिलमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मोरीत कॉस्टिक सोड्याचा आणि हायड्रोचा डबा असायचा. करपलेली कढई कॉस्टिकमध्ये टाका, लख्ख. पिवळा पडलेला गणवेश हायड्रोत बुडवा, दुधासारखा. कापडावरचा नको असलेला रंग मिलमध्ये त्यानेच उतरवतात. दुसऱ्या वस्तीतल्या मुलीने ओलं फडकं फिरवलं असतं आणि विषय संपला असता. आम्हाला डाग म्हटलं की एवढंच सुचायचं.

शनिवारी सकाळी माय चक्कीवर नैवेद्याच्या रोटांचे गहू दळायला निघाली आणि जाताना म्हणाली, "सकाय कानबाई येई. घरमा तंबाखूना वास नको. ह्या बठ्ठा प्राणी माळावर टाक." माळ्यावर टाक, एवढंच ती म्हणाली होती. मी पत्र्याच्या टबात उकळतं पाणी ओतलं, कॉस्टिक टाकलं आणि पाचही प्राणी त्यात सोडले. पाणी आधी चहासारखं झालं, मग काळं. तासाभराने मी ते काथ्याने खसाखसा घासले, हायड्रोच्या पाण्यात बुडवले, पुन्हा घासले. पोटात हात घालून आतूनही. घुबडाचा कान गेला. कासवाची पाठ सांधा सुटून वेगळी झाली. अस्वलाचा एक डोळा निखळला आणि मी पकडेपर्यंत मोरीच्या जाळीतून खाली गेला. उन्हात वाळवल्यावर ते प्राणी भुरे, पांढरट, अंगावर लाकडाचे तंतू उभे राहिलेले असे दिसायला लागले. मी पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले की मी ते कानबाईसाठी केलं, स्वच्छतेच्या उत्साहात केलं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. काथ्याने त्या अस्वलाचं पोट घासताना मला बरं वाटत होतं. दीड वर्षाच्या टकटकीचा सूड घेतल्यासारखं वाटत होतं. हे आज लिहितानाही मला लाज वाटते.

नाना शिफ्टवरून आले, पाय धुतले, आणि सवयीने फळीकडे गेले. त्यांनी अस्वलाचं डोकं उचललं आणि नाक आत नेलं. मग त्यांनी नाक बाहेर काढून आपल्या शर्टाच्या बाहीचा वास घेतला आणि पुन्हा अस्वलाचा. दोन्हींचा वास एकच होता. आठ तास ज्या वासात उभं राहून माणूस घरी आला होता, तोच हायड्रोचा वास अस्वलाच्या पोटात भरून राहिला होता. त्यांनी घुबड उघडलं, कुत्रा उघडला, डुक्कर उघडलं. मी मोरीच्या दाराशी उभी होते. कॉस्टिकने माझ्या हातांची सालं निघाली होती आणि मी ते ओढणीत लपवले होते.

"कोनी धुयं?" त्यांनी विचारलं.

"मी धुयं, नाना. कानबाईकरता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते, एक थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं. "बरं करं," ते म्हणाले. बरं केलंस, एवढंच. आणि चार पावलं चालून भिंतीशी गेले, वळले, चार पावलं परत आले. मग ओट्यावरून उतरून निघून गेले. माय पिठाचा डबा घेऊन आली, तिने फळीकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं आणि डबा खाली ठेवून तशीच बसली. "आते तो काय करी?" एवढंच ती म्हणाली. आता तो काय करेल. मला डॉक्टरांचं ते वाक्य आठवलं.

त्या दिवशी नाना तंबाखू खाऊन आले नाहीत. मायने वास घेतला, मीही घेतला. रविवारी कानबाई बसली, नथ घातलेला तिचा नारळ पाटावर सजला, घर माणसांनी भरून गेलं, पुरणाचा आणि खिरीचा घमघमाट सुटला, बायका गाणी म्हणायला लागल्या, आणि त्या सगळ्यात नाना आत-बाहेर, आत-बाहेर करत होते. पाहुणे म्हणायचे, नाना, बसा की. पूजेत पाटावर बसले तरी त्यांचा अंगठा तळहातावर गोल गोल फिरत होता, रिकाम्या तळहातावर. माझं लक्ष कानबाईकडे नव्हतंच. मी फक्त तो अंगठा पाहत होते. हात जोडून मी मागणं मागितलं ते धुळ्याचं नाही, नानांचं मागितलं.

सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन आम्ही टेम्पोने तापीवर गेलो. काठावर सुरतभरच्या कानबाया जमल्या होत्या, ढोल, फुगड्या, गुलाल. माय पाण्यात उतरली आणि मी मागे वळून पाहिलं तर नाना नव्हते. मी गर्दीतून धावत सुटले. रस्त्याच्या पलीकडे पुलाखाली एक पानाचा गल्ला होता. त्याच्या आडोशाला, लोकांकडे पाठ करून नाना उभे होते. डाव्या तळहातावर तंबाखू होती, चुना लावलेला होता आणि अंगठा चालला होता. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. बोलायला मला तोंड कुठे होतं? ज्याने त्यांना रोखून धरलं होतं ते मीच धुऊन टाकलं होतं. त्यांनी मला पाहिलं, पण अंगठा थांबला नाही. मळून झाली. त्यांनी वरून दोन थापा मारल्या, भुसा उडाला, आणि त्यांचा हात वीस वर्षांच्या सवयीने पुढे आला. आधी दुसऱ्यापुढे. समोर लोटनकाका नव्हते. मी होते.

नाना आपल्याच हाताकडे पाहत राहिले. तो मागे घेता येईना आणि पुढे ठेवणंही सोसवेना. त्यांचे डोळे भरून आले. रीत अशी की समोरच्याने चिमूटभर उचलायची. मी चिमूट उचलली नाही. मी त्यांच्या तळहातावरची सगळी तंबाखू माझ्या मुठीत ओढून घेतली, एक कणही ठेवला नाही. सालं गेलेल्या हाताला चुना झोंबला आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं. नानांनी खांद्यावरच्या टॉवेलाने माझा चेहरा पुसला, जसा काकांचा गळा पुसायचे तसाच. मग आम्ही काठावर परतलो.

टेम्पोत सगळ्या वाटेवर मी मूठ उघडली नाही. घरी आल्यावर ती तंबाखू मी अस्वलाच्या पोटात टाकली आणि डोकं सोडलं. टक. नाना मोरीत हातपाय धूत होते, त्यांनी मान वर केली. संध्याकाळी त्यांनी एकदा डोकं उचलून हुंगलं आणि बंद केलं. पण आता त्या पोटात नुसता वास नव्हता, खरीच तंबाखू होती, आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आठवड्याने धुळ्याला पोहोचून वसतिगृहात मी ट्रंक उघडली, तर माझ्या पांढऱ्या गणवेशांच्या मधोमध, मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं अस्वल. नानांनी ते माझ्याबरोबर पाठवून दिलं होतं.

पहिल्या महिन्यात ते भेटायला आले. भाकरी, ठेचा, रोटाच्या पिठाचे लाडू, आणि बसल्या बसल्या हलणारा गुडघा. "अस्वल लई ये," म्हणाले. मी रेक्टरबाईंची नजर चुकवून ते ओढणीखाली घालून आणलं. नानांनी हुंगलं, मिटलं आणि गाडीला निघून गेले. दुसऱ्या महिन्यातही तसंच. तिसऱ्या महिन्यात ते दोन तास बसले, माझे पाठाचे तक्ते पाहिले, मायच्या तक्रारी सांगितल्या आणि उठून गेले. ते गेल्यावर कितीतरी वेळाने माझ्या लक्षात आलं की आज त्यांनी अस्वल मागितलंच नव्हतं.

नाना पुढे भरपूर जगले, सगळ्या जबड्यानिशी. मी सुरतेलाच मराठी शाळेत लागले, माझ्या घरच्या फळीवर ते भुरं, एका डोळ्याचं अस्वल राहिलं. सगळं बोलणं झालं आमचं आयुष्यभर, पण त्या धुण्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्या "बरं करं"वरच तो विषय संपला होता. त्यांच्या शेवटच्या आजारपणात ते माझ्याकडे होते. खाणं सुटलं होतं, बोलणं तुटक झालं होतं. एका दुपारी त्यांनी फळीकडे बोट केलं. मी अस्वल काढून त्यांच्या नाकाशी धरलं आणि त्याचं डोकं उचललं. त्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला, पुन्हा एक घेतला, आणि कपाळाला आठी घातली.

"आजूबी मिलनाच वास येस, पोरी," ते म्हणाले.

अजूनही मिलचाच? मी दचकून अस्वल माझ्या नाकाशी नेलं. पोटात तळाशी तापीकाठची ती तंबाखू धूळ होऊन पडली होती, आणि वास तिचाच येत होता, दुसरा कसलाही नाही. मी मान वर केली तर नाना माझ्याकडे पाहून हसत होते.